लाखाला तिनाने भागल्यावर

दादाजी मास्तर बिस्किट चहात बुडवून मनात तीन म्हणत आणि बाहेर काढत. चारला ते कपात पडते. आयुष्यभर गणित शिकवलेल्या माणसाला एवढे कळलेच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्यांचे बिस्किट पडलेले चामोर्शीत कोणी पाहिले नव्हते. त्या मंगळवारी ते दोनपर्यंत आले असताना भागीरथाबाई म्हणाल्या, "येत्या सोमवारी माझं लाख पुरं होते जी."

मास्तरांनी बिस्किट वेळेवर बाहेर काढले. "कायचं लाख?"

"बेलाचं. महादेवाले बोलली होती. ज्याच्यासाठी बोललो त्याले आधी सांगत नाईत. आता सरत आलं म्हणून सांगून राह्यली."

मास्तरांना उन्हाळ्यात नागपूरला नेले होते. हृदयाची एक नळी बंद झाली होती, ती डॉक्टरांनी उघडली. आतमध्ये ते चालू असताना भागीरथाबाई बाहेरच्या बाकड्यावर बसून महादेवाशी बोलल्या होत्या. बोलणे थोडक्यात असे होते: जसा नेला तसाच परत दे, मी एक लाख पानं वाहीन, एक कमी नाई, एक जास्त नाई. नवस नेमका करण्याचे कारणही त्यांनी देवाला सांगितले होते. माणूस मास्तर आहे, त्याला खालीवर चालत नाही.

तेव्हापासून त्यांनी चहा सोडला होता आणि चप्पल सोडली होती. चहाचे कारण त्यांनी पित्त सांगितले आणि चपलेचे टाचदुखी. आषाढापासून त्या रोज शेजारच्या अंजनाबाईंना घेऊन बेल तोडत, ओसरीवर बसून मोजत आणि तलावाकाठच्या देवळात नेऊन वाहत. मास्तरांना वाटत होते की बायको अलीकडे धार्मिक झाली आहे.

"लाख बेल?" मास्तरांनी विचारले.

"लाख पानं. आमच्या माहेरी एका बेलाची तीन पानं धरतात. झाडं बोडकी होत नाईत. सोमवारी तेहतीस हजार तीनशे तेहतीस बेल होतीन. मयुरीनं फोनवर भागून देलं होतं."

मयुरी ही त्यांची मुलगी. ती बल्लारपूरला नांदत होती आणि तिच्या फोनमध्ये कॅल्क्युलेटर होता.

"तिच्या फोननं टिंबाच्या पुढं काही लिहिलं असंन ना?"

"लिहिलं होतं. तीन, तीन, तीन, लंबे गेले होते. ते सोडून देले."

"काऊन?"

"बारीक होते."

इथे मास्तरांनी गप्प बसायला हवे होते, हे पुढे त्यांनीही मान्य केले. पण वर्गात चुकीचे उत्तर ऐकून ते कधी गप्प बसले नव्हते. त्यांनी कप बाजूला सरकवला.

"लाख ही मोठी देखणी संख्या आहे," ते म्हणाले. "दहाचा पाचवा घात. तिले छत्तीस विभाजक आहेत. दोननं भाग जाते, पाचनं जाते, आठनं, बत्तीसनं, सव्वाशेनं जाते. पण तिनानं जात नाई. अंकांची बेरीज करून पाय. एक, आन् मग नुसती शून्यं. बेरीज एक. बेरजेले तिनाचा भाग गेला नाई का संख्येले बी जात नाई. छत्तीस विभाजक असून तिनाशी तिचा छत्तीसचा आकडा."

"म्हणजे?"

"म्हणजे तेहतीस हजार तीनशे तेहतीस बेलांची पानं झाली नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव. एक कमी. अजून एक बेल वाहिला तर एक लाख दोन. दोन जास्त. तीन-तीन पानांच्या बेलांनी नेमकं लाख कधीच होत नाई. तू वाहत राह्यली तरी नाई, अन् कोणी वाहत राह्यलं तरी नाई."

त्यांची अपेक्षा होती की भागीरथाबाई म्हणतील, तुमचं गणित ठेवा तुमच्यापाशी. संसारात त्यांनी मास्तरांच्या बहुतेक गणितांना हेच उत्तर दिले होते. पण त्या पाटावर बसल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"एक कमी?"

"एक."

"एकच पान?"

"एकच."

त्यांनी मास्तरांच्या शर्टाच्या खिशाकडे पाहिले. खिशात फोन होता आणि खिशामागे ती नळी. मास्तरांनी नळीचा अर्थ घेतला आणि त्यांना पहिल्यांदा वाटले की आपण बोलायला नको होते.

"पुढच्या बुधवारी नागपूरले तपासणी आहे तुमची," भागीरथाबाई म्हणाल्या. "लाख पुरं झाल्याबिगर तुम्ही वैनगंगा ओलांडायची नाई."

"अवं, डॉक्टरनं तारीख देली आहे."

"डॉक्टरले काय माहीत एक पान कमी आहे म्हणून."

दुपारी दोघे देवळात गेले. मास्तर चपला घालून, भागीरथाबाई अनवाणी. पुजारी इसरूभाऊ पायरीवर बसून वाती वळत होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि पहिला उपाय सांगितला तो सगळ्यांना सुचणारा होता, फक्त तो चालणार नाही असे सांगण्यासाठी. "एका बेलाची दोन पानं तोडून एकच वाहतो म्हणाल, तर ते नाई जमत. खंडित बेल देवाले चालत नाई. तीन तर तीन."

"मग काय करायचं?" भागीरथाबाईंनी विचारले.

"सव्वा लाख करा. शुभ आहे."

मास्तर म्हणाले, "एक, दोन आन् पाच. आठ. भाग जात नाई."

"मग लाखावर एक ठेवा."

"बेरीज दोन. नाई जात."

इसरूभाऊंनी वात खाली ठेवली. "तुम्हीच सांगा मास्तर, कोणता जाते?"

"एक लाख आठ. बेरीज नऊ. तिनानं बी जाते, नवानं बी जाते."

"झालं तर. आठ जास्त वाहा बाई. देव काही जास्तीचं परत करत नाई."

"तेच तर," भागीरथाबाई म्हणाल्या. "मी म्हटलं होतं, जसा नेला तसा आण, मी मोजून देतो. मी जास्त देलं, तर तो बी काही जास्त देईन."

"काय जास्त देईन?"

"काय माहीत. अजून एक नळी."

इसरूभाऊंनी मास्तरांकडे पाहिले. मास्तरांनी तलावाकडे पाहिले. इसरूभाऊ वात पुन्हा हातात घेत म्हणाले, "एक रस्ता आहे. बेलाले कधीमधी चार पानं येतात. लाखात एखादं असते म्हणतात. ते मिळालं तर?"

मास्तरांच्या डोळ्यांत चमक आली. "शेवटच्या बेलाच्या जागी चार पानांचा ठेवायचा. तिनाऐवजी चार. जो एक कमी आहे तो भरून निघते." ते भागीरथाबाईंकडे वळले. "नेमकं लाख."

चार पानांच्या बेलाचे नाव निघताच भागीरथाबाईंनी पदर डोक्यावर ओढून घेतला. मास्तरांना वाटले, ऊन लागले.

चामोर्शीत बेलाची झाडे बरीच, पण हाताशी असलेले मोठे झाड गफ्फारभाईंच्या अंगणात होते. गफ्फारभाई मोटारी आणि पंखे दुरुस्त करत. भागीरथाबाईंचा निम्मा नवस त्यांच्याच झाडावरून उतरला होता. मास्तर आले तेव्हा ते एका पंपाच्या आत हात घालून बसले होते.

"चार पत्ती?" गफ्फारभाई म्हणाले. "मास्तर, उमर गेली या झाडाखाली. मी पत्ती कधी मोजली नाई. कचरा म्हणून झाडली फक्त."

"एकच पाहिजे."

"एक म्हणजे किती बघाव्या लागतीन?"

"सांगता येत नाई. पहिलाच असू शकते, किंवा..."

"तुमी मास्तर लोक बी गजब. जे सांगता येते ते भाभीले सांगून बसले, अन् जे पाहिजे ते सांगता येत नाई."

त्यांच्या पत्नी कनीज आतून म्हणाल्या, "बोलू नका हो. भाभीच्या पायाले कालच काटा भरला. बिना चपलेच्या फिरून राह्यल्या. शिडी काढा."

गफ्फारभाईंनी शिडी काढली. मास्तरांना चढायला मनाई होती, म्हणून ते खाली उभे राहून फांद्यांची नावे ठरवून देत होते: पूर्वेची मोठी, पूर्वेची लहान, विहिरीवरची. संध्याकाळपर्यंत पूर्वेची मोठी फांदी पाहून झाली. सगळे बेल तीन पानांचे होते.

दुसऱ्या दिवशी गफ्फारभाईंनी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिले की मास्तरांना चार पानांचा बेल तातडीने हवा आहे. कारण लिहायला ते विसरले. त्यामुळे लोकांनी कारण आपापले लावले. दुपारपर्यंत गावात अशी बातमी होती की नागपूरच्या डॉक्टरांनी मास्तरांना चार पानांच्या बेलाचा काढा सांगितला आहे. संध्याकाळी बातमीत सुधारणा झाली: काढा मास्तरांना नव्हे, कुणा मोठ्या माणसाला हवा आहे आणि मास्तर मध्ये आहेत.

गुरुवारपासून ओसरीवर लोक येऊ लागले. कोणी टोपलीभर बेल आणून म्हणे, यात असंन, पाहून घ्या. कोणी दोन बेल एकत्र बांधून आणले आणि सहा पाने झाली म्हणून मास्तरांनी जास्त खूश व्हावे अशी अपेक्षा ठेवली. एका सद्गृहस्थांनी चार पानांचा बेल कागदात गुंडाळून आणला. मास्तरांनी भिंग घेतले. चौथे पान डिंकाने चिकटवलेले होते आणि ते लिंबाच्या झाडाचे होते.

"हे लिंबाचं आहे," मास्तर म्हणाले.

"एका पानानं काय फरक पडते मास्तर?"

या प्रश्नावर मास्तरांना बोलता आले असते. पण आत भागीरथाबाई पायाला हळद लावत बसल्या होत्या आणि त्यांना ऐकू जात होते. मास्तरांनी फक्त हात जोडले. एका पानाने काय फरक पडतो हे सांगितल्यामुळेच ते इथवर आले होते.

भागीरथाबाई जेवत होत्या, पण नावापुरत्या. रात्री कूस बदलत होत्या. मास्तरांनी एकदा म्हणून पाहिले, "अवं, नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव म्हणजे लाखच. देवाले समजते."

"तुम्ही पेपर तपासताना असं समजून मार्क देत होते का?"

मास्तरांनी कधीच दिले नव्हते. त्यांचे काही विद्यार्थी त्या एकेका मार्कासाठी अजूनही त्यांच्याशी नीट बोलत नसत.

शनिवारी आदेश आला. आदेश म्हणजे मास्तरांच्या बहिणीचा मुलगा. तो मोहर्लीला सफारीच्या गाड्यांवर गाईड होता. निम्मा दिवस मोटारसायकल चालवून तो आला होता आणि त्याने हेल्मेट काढायच्या आधी खिशातून एक डबी काढली.

"मामी, पाय. जंगलातलं नाई, गेटच्या बाहेरच्या झाडाचं आहे. चार नाई, पाच पानं आहेत."

अंजनाबाईंनी हात जोडले. गफ्फारभाई शिडीवरून उतरून आले. कनीज म्हणाल्या, "देखो, चार मांगे तो पाच मिले." भागीरथाबाईंनी बेल तळहातावर घेतला. पाच पाने, एका दांडीवर, कुठेही डिंक नव्हता. त्या मंगळवारनंतर पहिल्यांदा हसल्या आणि मास्तरांकडे पाहू लागल्या.

मास्तर मनात हिशेब करत होते. तो संपला तेव्हा त्यांना पुन्हा एकदा गप्प बसावेसे वाटले, पण सगळे त्यांच्याकडेच पाहत होते.

"तिनाऐवजी पाच ठेवले, तर दोन वाढतात," ते म्हणाले. "आपल्याले एकच वाढवायचा होता. आतापर्यंत एक कमी पडत होता. हा वाहिला तर एक जास्त होते."

अंजनाबाईंनी जोडलेले हात खाली घेतले.

"अजून एक पाच पानांचा मिळाला तर जमते," मास्तर घाईघाईने म्हणाले. "दोन पाच, दहा. नऊ म्हणजे तीन बेल कमी करायचे. एक वाढला. बरोबर होते."

आदेशने हेल्मेटकडे पाहिले. "मामा, वाघ दाखवणं सोपं आहे. तो निदान एकच असला तरी लोक खूश होतात."

"जेवून घे," भागीरथाबाई म्हणाल्या आणि पाच पानांचा बेल देव्हाऱ्यात ठेवून आत गेल्या.

रविवारी विहिरीवरची फांदी पाहून झाली. काही मिळाले नाही.

सोमवारी सकाळी शेवटचे बेल धुऊन परडीत भरले होते. मास्तर कुर्ता घालून ओसरीवर उभे होते. नवस अपुरा वाहायचा की थांबायचे, यावर दोघांचे बोलणे झाले नव्हते. तेवढ्यात कनीज डोक्यावरची ओढणी सांभाळत जवळजवळ पळत आल्या. मागे गफ्फारभाई.

"भाभी, झाडून राह्यली होती," कनीज म्हणाल्या. "सुपलीत आलं. मी तर टाकूनच देणार होती."

ओल्या रुमालात बेल होता. हिरवागार. मास्तरांनी भिंगातून पाहिला, दांडी बोटाने चाचपली, हलकेच वाकवून पाहिला. मग भिंग खिशात ठेवले.

"चार," ते म्हणाले.

सगळे देवळात गेले. गफ्फारभाई आणि कनीज आवारात पिंपळाखाली उभे राहिले. बातमी आधीच पोहोचली होती, त्यामुळे काढ्याचे काय होते ते पाहायलाही काही लोक जमले होते. इसरूभाऊंनी चार पानांचा बेल ताटात मध्यभागी ठेवला. मास्तरांनी फोन काढून त्याचा एक फोटो घेतला, दुसरा घेण्यासाठी वाकले, आणि त्याच वेळी इसरूभाऊंनी नारळ फोडला. नारळात पाणी भरपूर होते. निम्मे देवाच्या वाट्याला गेले, निम्मे मास्तरांच्या फोनवर.

"मास्तर, कव्हर काढा," गफ्फारभाई पिंपळाखालून म्हणाले. "आत पाणी गेलं तर बोर्ड जाईन. आणा इकडं."

फोनचे कव्हर काळ्या रबराचे होते आणि घेतल्यापासून कोणी काढले नव्हते, असा मास्तरांचा समज होता. गफ्फारभाईंनी ते नखाने सोलून काढले. आतून एक वाळलेला बेल खाली पडला.

मास्तरांनी तो उचलला. दाबून चपटा झाला होता, पण मोडला नव्हता. त्याला चार पाने होती.

त्यांनी मागे वळून पाहिले. भागीरथाबाईंनी पदर तोंडावर धरला होता.

"मीच ठेवलं," त्या म्हणाल्या. "आषाढात तुम्ही तपासणीले गेले होते ना, त्या दिवशीच्या बेलात निघालं. पिंडीवर वाहिलं, नमस्कार केला, आन् मग मले वाटलं हे यायच्यापाशी असलेलं बरं. फोन तुम्ही सोडत नाई. म्हणून त्याच्या मांगं घातलं."

"मग सांगितलं काऊन नाई?"

"काय सांगू? देवाले वाहिलेलं परत उचललं म्हणून सांगू? तुम्ही म्हटलं एक कमी आहे, तवाच मले समजलं का तो कोणतं एक मागून राह्यला. चार पानांचं कोणी म्हटलं का मी डोक्यावर पदर ओढून घेत होती."

इसरूभाऊ ताट हातात धरूनच म्हणाले, "बाई, वाहिलं ते पोचलं. मागून घेतलं तो प्रसाद. त्यात काय चोरी आहे?"

मास्तर मात्र दुसऱ्याच गोष्टीपाशी थांबले होते. "हे तू मोजलं होतं?"

"मोजलं होतं."

"किती म्हणून?"

"एक म्हणून. दांडी एकच आहे. एक बेल."

मास्तर पायरीवर बसले. तेहतीस हजार तीनशे तेहतीस बेल. त्यातला एक हा. म्हणजे तीन पानांचे तेहतीस हजार तीनशे बत्तीस. त्यांची पाने नव्व्याण्णव हजार नऊशे शहाण्णव. त्यात ही चार. विद्यार्थ्यांना सांगत त्याप्रमाणे त्यांनी उलट बाजूनेही करून पाहिले. उत्तर तेच येत होते.

"परडीत आजचे जेवढे आहेत तेवढेच वाहा," ते म्हणाले. "लाख होते. नेमकं."

"आन् तो एक?"

"तो कमी नव्हताच. मले माहीत नव्हता. तू खुशाल एक म्हणून मोजला, आन् मी तीन म्हणून."

भागीरथाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिले, ते आपली समजूत काढत आहेत की काय, हे ओळखण्यासाठी. मास्तरांना समजूत काढता येत नसे. त्यामुळे त्यांची खात्री पटली.

"मतलब," गफ्फारभाई पिंपळाखालून सावकाश म्हणाले, "मी जे हप्ताभर झाडावर होतो..."

"गरज नव्हती," मास्तर म्हणाले.

"आन् ही ताजी पत्ती?"

"ती वाहिली तर एक जास्त होते."

गफ्फारभाईंनी फोन पुसून त्यांच्या हातात दिला. "मास्तर, पहिले एक कमी म्हणून परेशान, आता एक ज्यादा म्हणून परेशान. डॉक्टरनं तुमची नळी खोलली, पण दुसरंच काही बंद आहे."

भागीरथाबाईंनी वाळलेला बेल देवापुढे ठेवावा म्हणून हात पुढे केला. मास्तरांनी दिला नाही. "मोजलेलं आहे ते," म्हणत त्यांनी तो पुन्हा फोनच्या पाठीवर ठेवला आणि वरून कव्हर दाबले. मग परडी वाहायला भागीरथाबाई आणि इसरूभाऊ आत गेले. मास्तर पायरीपाशीच राहिले. भागीरथाबाईंच्या चपला त्यांनी घरून पिशवीत घालून आणल्या होत्या, त्या पायरीखाली जोडीने लावून ठेवल्या.

मंगळवारी सकाळी घरात दोन कप चहा झाला. भागीरथाबाईंनी पहिला घोट बराच वेळ तोंडात धरला. नागपूरची पिशवी भरून दाराशी ठेवली होती. मास्तरांनी बिस्किट बुडवले. एक.

"काल गफ्फारभाऊचा बेल बी वाहिला म्या," भागीरथाबाई म्हणाल्या.

दोन.

"लाखात?"

"लाखात काऊन? माझं लाख पुरं झालं ना? तुम्हीच सांगितलं. हे त्यायचं. कनीजबाई झाडाखाली राबली, तो बिचारा फांद्यांवर लटकला. त्यायच्या घरी बी माणसं आहेत. त्यायच्यासाठी वाहिलं."

"मग ते कुठी मोजायचं?"

"मोजायचं काऊन?"

मास्तरांनी तोंड उघडले. एक लाख चार. सम संख्या. अंकांची बेरीज पाच. तिनाने भागल्यास बाकी दोन. हे सगळे त्यांच्या जिभेवर आले होते. समोर भागीरथाबाई, पायात चपला, हातात कप, त्यांच्या उत्तराची वाट पाहत होत्या. मास्तरांनी तोंड मिटले. याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. कपात काहीतरी पडल्याचा बारीक आवाज झाला.

भागीरथाबाईंनी उठून त्यांना चमचा दिला.